आज सूर्योदय नाही

सकाळचे नऊ वाजून गेले होते आणि आक्काच्या खोलीत अजून उजाडलं नव्हतं.

मंगलचा फोन आला तेव्हा मी सांगलीत, बँकेत निघायच्या तयारीत होते. मंगल माझ्या धाकट्या भावाची बायको. ती सहसा फोन करत नाही, आणि केला तर आधी सगळ्यांची खुशाली विचारते. त्या दिवशी तिने काही विचारलं नाही.

"ताई, दिवा लागला नाही. आक्का पाणी घेत नाहीत."

"आणि गोळ्या?"

"पाणीच घेत नाहीत तर गोळ्या कशा देऊ?"

"दे तिला फोन."

"देऊन झाला. घेत नाहीत. तुम्ही या."

आक्का म्हणजे आमची आई. तिला सगळं घर आक्काच म्हणतं. लग्न होऊन जयसिंगपूरला आली त्या वर्षापासून तिचा नेम होता: सूर्य मावळल्यावर अन्नपाणी नाही आणि सकाळी उजेडात तळहाताच्या रेषा दिसल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही. आमच्या जैन घरांत रात्री न जेवणारे पुष्कळ असतात. पाण्यालाही न शिवणारे थोडे. तापात, बाळंतपणात, वडील गेले त्या दिवशीसुद्धा आक्काचा नेम चुकला नव्हता. पण त्या वर्षी तिचं वय एक्याऐंशी होतं, खुब्याचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळलेली होती, आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं की सकाळचं पाणी आणि गोळ्या एक दिवसही उशिरा होता कामा नयेत.

अंकलीच्या पुलावर धुकं होतं. ते ओलांडलं तेव्हा ऊन लागलं. जयसिंगपूरला पोचेपर्यंत पाठ तापली होती.

आक्काच्या खोलीत मात्र अंधार. दार उघडल्यावर स्वयंपाकघरातला थोडा उजेड आत आला, तेवढ्यात ती दिसली. उताणी पडली होती आणि उजवा तळहात चेहऱ्यासमोर धरला होता.

"कोण?"

"मी, त्रिशला."

"सोमवारची कशी काय? बँक बंद पडली का?"

"उजाडलंय आक्का. दहा वाजत आले."

"असतील."

"मी उन्हातून आले आत्ता."

"तू आलीस. मी कुठं पाहिलं ऊन?" तिचा आवाज कोरडा होता, जीभ टाळूला चिकटत होती. "दूधवाला गेला, शाळेची पोरं गेली, हेरल्यांच्या घरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. ऐकू येतं की मला. ऐकून नेम सोडायचा नसतो."

मंगल माझ्या मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती किती वेळ तशी उभी होती, देव जाणे.

दिव्याची गोष्ट सांगायला हवी.

आक्का पडली मार्चमध्ये. शेजारच्या हेरल्यांनी त्याच उन्हाळ्यात घरावर मजले चढवले आणि तिच्या खोलीची एकुलती खिडकी त्यांच्या भिंतीला टेकली. खाट बाहेर काढावी तर बोळ अरुंद, आणि डॉक्टरांनी उचलाउचल मना केलेली. दोन-तीन आठवडे मंगल सकाळी येऊन "उजाडलं" म्हणायची आणि ट्यूब लावायची. आक्का रेषा पाहायची, णमोकार मंत्र म्हणायची, पाणी घ्यायची. एक दिवस मंगलला तिच्या माहेरच्या लग्नाला पहाटेच्या गाडीने जायचं होतं. तिने अंधारातच ट्यूब लावली आणि गोळ्या देऊन टाकल्या. आक्का गोळ्या गिळून पडली, आणि मग बऱ्याच वेळाने तिला बस्तीतली, म्हणजे आमच्या जैन मंदिरातली, पहाटेची घंटा ऐकू आली.

त्या दिवशी आक्काने दिवसभर काही खाल्लं नाही. मंगलला ती रागावली नाही. फक्त इतकं म्हणाली, "ट्यूब काय, कधीही लागते. माणूसही तसंच." त्यानंतर मंगलने सांगितलेली वेळ तिने कधी खरी मानली नाही.

माझा भाऊ सुकुमार जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर. मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा घरातलं हे सगळं पाहून त्याने सामान मागवलं: रंग बदलणारा एक बल्ब, वाय-फायला जोडायचा पांढरा डबा, आणि फोनमध्ये ॲप. खाटेसमोरच्या भिंतीवर त्याने होल्डर ठोकला. आक्का पडल्या पडल्या प्रश्न विचारत होती.

"ह्याला कोण लावणार?"

"कुणी नाही. आपोआप लागतो. ह्याला जयसिंगपूरचा पत्ता दिलाय. जयसिंगपुरात सूर्य उगवला की हा लागणार, मावळला की विझणार. आधी तांबडा, मंद. मग हळूहळू पिवळा, मग पांढरा."

"उगवायच्या आधी नाही ना?"

"लोक आधीच सुरू करतात आक्का, अर्धा तास. जाग यावी म्हणून."

"लोकांचं लोकांपाशी. मला जागं व्हायला दिवा लागत नाही. सूर्य वर आल्यावरच."

"बरं. वर आल्यावरच."

"एक क्षण आधी लागला तर पाप तुझ्या डोक्यावर."

"माझ्या डोक्यावर आधीच बरंच आहे. त्यात आणखी एक."

तिने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. मी तेव्हा रजा घेऊन राहायला आले होते, मला गच्चीवर उभं केलं. सूर्याची कोर दिसली की मी जिन्यातून ओरडायचं, "दिसला", आणि खाली ती दिव्याकडे बघत असायची. पहिल्या दिवशी मी ओरडले तेव्हा खालून तिचा आवाज आला, "ह्यालाही दिसला." आठवडाभर ही परीक्षा चालली. आठव्या दिवशी तिने मला गच्चीवर पाठवलं नाही. "राहू दे," म्हणाली, "तो सूर्याला विचारून लागतो."

मग तिने एक अट घातली. ॲप सुकुमारच्या आणि माझ्या फोनवर राहील. मंगलच्या नको. मंगल तेव्हा दारातच होती, पोळ्यांचं पीठ लागलेले हात पदराला न लावता वर धरून. सुकुमारने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "बरंच झालं की. माझ्या डोक्याला ताप नाही."

त्याच संध्याकाळी आणखी एक बोलणं झालं. सुकुमार जगभरच्या बंदरांच्या गोष्टी सांगायचा आणि आक्काला त्या आवडायच्या.

"नॉर्वेत अगदी वर ट्रॉम्सो म्हणून गाव आहे," तो म्हणाला. "तिथं डिसेंबरात सूर्य उगवतच नाही. दीड-दोन महिने."

"मग माणसं जेवतात कधी?"

"घड्याळ बघून."

"आणि आपल्यासारखं कुणी तिथं असलं तर?"

"तर काय, दोन महिने उपास." तो हसला. "ह्या दिव्याला ट्रॉम्सोचा पत्ता दिला ना, तर डिसेंबरात लागायचाच नाही. हे बघ, इथं गावाचं नाव बदलायचं, झालं." त्याने फोनवर बदलून दाखवलं, मला, दारातल्या मंगलला, आणि आक्काच्या डोळ्यांपुढेही धरलं. मग पुन्हा जयसिंगपूर केलं.

"काय म्हणालास गावाचं नाव?" आक्काने विचारलं.

त्याने परत सांगितलं. ते तिने दोनदा पुटपुटून पाहिलं.

जूनमध्ये सुकुमार जहाजावर गेला. दिवा रोज लागत राहिला. आक्का रोज वेळेवर पाणी आणि गोळ्या घेत होती. हाडही भरत आलं होतं.

आणि आता डिसेंबरातल्या त्या सोमवारी मी अंधारात उभी होते.

आधी मी भिंतीवरचं बटण बंद करून परत चालू केलं. बल्ब एकदम लख्ख पांढरा पेटला. आक्काने डोळे मिटून घेतले.

"हा तो नव्हे."

"तोच आहे आक्का, तोच बल्ब."

"सूर्य असा एकदम उगवतो का? बटणाचा आवाज ऐकला मी. बंद कर."

मी बंद केला. मंगलने तांब्या खाली ठेवला. मी फोन काढून ॲप उघडलं. रोज जिथे सूर्योदयाची वेळ दिसायची, तिथे आकडा नव्हता. खाली लिहिलं होतं: आज सूर्योदय नाही. त्याखाली घराचा पत्ता. ट्रॉम्सो, नॉर्वे.

पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की सुकुमारचं जहाज तिकडे गेलं असेल आणि ॲपने त्याचा पत्ता घेतला असेल. तसा विचार करायला मला बरं वाटलं. मी पत्ता बदलून जयसिंगपूर केला. पण आजचा सूर्योदय होऊन गेला होता, त्यामुळे दिवा आता उद्याच लागणार होता. उद्यापर्यंत थांबणं शक्य नव्हतं. तिचे ओठ फुटायला लागले होते आणि पायांवर सूज दिसत होती.

ॲपमध्ये एक बटण असतं, 'आत्ता सुरू करा' म्हणून. मी ते दाबलं आणि फोन पाठीमागे धरला.

भिंतीवर तांबूस ठिपका उमटला. तांबडं पिवळं व्हायला लागलं, आधी खाटेची दांडी दिसली, मग चादरीवरची फुलं, मग तिचा हात. आक्का हाताकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

"तू लावलास."

"सूर्य वर आलाय आक्का. शप्पथ. अंगण उन्हाने भरलंय."

"ते नाही विचारलं मी." तिचा श्वास लागला, ती थांबली. "लाव म्हणून कुणी सांगितलं तुला?"

दिवा पांढरा होत गेला. शेवटी तिने हात पाहिला, पुष्कळ वेळ पाहिला, रेषा मोजत असल्यासारखा. दिसत नाहीत असं ती म्हणू शकली असती. पण खोटं बोलणं तिला जमायचं नाही. तिने णमोकार म्हटला.

"दे मंगल," ती म्हणाली.

पाणी प्याली, गोळ्या घेतल्या, आणि तोंड भिंतीकडे केलं.

बाहेर ओट्यावर बसून मी ॲपमधल्या जुन्या नोंदी उघडल्या. पत्ता आदल्या दिवशी संध्याकाळी बदलला होता, दिवा विझल्यानंतर. बदलणाऱ्या फोनचं नावही होतं. त्रिशलाचा फोन.

आदल्या दिवशी रविवार. मी दर रविवारी येते तशी आले होते. संध्याकाळी सुकुमारला व्हिडिओ कॉल लावून फोन आक्काच्या उशाशी ठेवला आणि मेडिकलमध्ये तिच्या गोळ्या आणायला गेले. दुकानात गर्दी होती. परत आले तेव्हा फोन टीव्हीजवळ चार्जिंगला होता. माझ्या फोनच्या कुलपाचा आकडा म्हणजे आक्काचं जन्मवर्ष. घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

मंगल तूर निवडत होती. मी तिच्यासमोर पाट ओढला.

"काल मी मेडिकलला गेले तेव्हा माझा फोन कुणी घेतला होता?"

"मी टीव्हीपाशी ठेवला. ह्यांचं बोलणं झाल्यावर."

"उघडला होतास?"

तिने खडा वेचून बाजूला टाकला. "दिव्याचं सगळं ह्यांनी तुमच्या हातात दिलं. मंगलच्या हातात नको म्हणून आक्कांनीच सांगितलं. तेव्हा तुम्ही कुणी काही बोलला नाहीत. आता दिवा लागला नाही तर मला विचारता."

"मंगल, तिचं काही झालं असतं आज."

"मी नऊ वाजता फोन केला ना तुम्हाला? न करता बसले असते तर?"

"नऊ वाजता का? सातला का नाही?"

तिने मान वर केली नाही. हात चालू होते.

"आक्का सांगतात ते मी करते, ताई," ती म्हणाली. "रोज तेच करते. त्यांना उचलते, पुसते, कूस बदलते. त्या काय मागतात ते तुम्हाला रविवारी कळत नाही."

"काय मागते ती?"

"पडल्यावर महिन्याभराने बस्तीत उतरलेल्या साध्वी माताजी घरी आल्या होत्या. तुम्ही नव्हता. आक्कांनी हात जोडून अन्नपाणी सोडायची परवानगी मागितली. माताजी नाही म्हणाल्या. हाड भरतंय, मन शांत नाही, त्रासाला कंटाळून मागता आहात, म्हणाल्या. आज्ञेवाचून काही करणार नाही असं वचन घेतलं आणि गेल्या." तिने सूप उचलून पाखडायला घेतलं. "आक्का वचन मोडायच्या नाहीत. तुम्हाला माहीत आहे ते."

मला माहीत होतं. अन्नपाणी सोडायला तिला आज्ञा हवी होती आणि ती मिळाली नव्हती. पण सूर्य उगवेपर्यंत थांबायला तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. ते तर ती जन्मभर करत आली होती.

"मग तिने तुला सांगितलं का? मंगल, सरळ बोल."

"मी आज कढी करतेय," मंगल म्हणाली. "त्यांना आवडते. तुम्ही जेवूनच जा."

सुकुमारचा फोन संध्याकाळी लागला.

"मी कशाला बदलू?" तो म्हणाला. "मी ब्राझीलला आहे. काय पत्ता आहे म्हणालीस?"

मी सांगितलं. पलीकडे जहाजाच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती.

"त्या दिवशी खोलीत आपण चौघंच होतो," तो म्हणाला.

"हो."

"आक्काला फोन दिसत नाही नीट. अक्षर वाचता येत नाही."

"हो."

"म्हणजे मंगल."

"किंवा मंगलला कुणी सांगितलं म्हणून. किंवा मंगलला सांगितलं नव्हतं, आणि आक्काला सकाळी समजलं, आणि ती गप्प राहिली. मला कळत नाही, सुकुमार."

तो म्हणाला, "फोनचा आकडा बदल. आणि मंगलला काही विचारू नकोस."

"विचारलं."

"मग आक्काला विचारू नकोस."

तिला मी विचारलं नाही. त्यानंतर ती दोन वर्षं होती. फोनचा आकडा मी बदलला, आणि दिवा लागला की माझ्या फोनवर सूचना यावी अशी सोय केली. रोज सकाळी सांगलीत, चहा ठेवण्याआधी, मी ती पाहायची: दिवा लागला. एकदाही चुकला नाही. आक्का रोज रेषा पाहायची, पाणी घ्यायची. मंगलशी तिचं बोलणं मात्र वाढलं. मी गेले की दोघी थांबायच्या. एकदा बाहेरून ऐकलं, आक्का म्हणत होती, "तुला माझा त्रास झाला गं." मंगल म्हणाली, "झाला की. पण तुम्हाला माझा जास्त झाला." दोघी हसल्या. कशाला हसल्या ते मला समजलं नाही.

आक्का भर दुपारी गेली. न्यूमोनिया. शेवटचं चमचाभर पाणी मंगलच्या हातून घेतलं. माताजी आल्या होत्या, आणि ह्या वेळी त्यांनी काही नाकारलं नाही.

तेराव्यानंतर मंगलने आक्काचा नेम घेतला. सुकुमारला आवडलं नाही, पण तो जहाजावर निघून गेला आणि जाताना दिव्याची मालकी तिच्या फोनवर करून गेला; ॲप माझ्याकडेही राहिलं. ती आक्काच्या खोलीत, आक्काच्या खाटेवर झोपायला लागली. मी म्हणाले, खिडकी नाही तिथं, पुढच्या खोलीत झोप. ती म्हणाली, "दिवा आहे ना." मुलगा बेंगळुरूला. गेल्या दिवाळीपासून तिचे गुडघे धरले आहेत. घराबाहेर पडणं तिने जवळजवळ बंद केलं आहे. दूध दाराच्या कडीला पिशवीत येतं.

माझ्या फोनवरची ती सूचना मी काढून टाकली नव्हती. आक्काला जाऊन चार वर्षं झाली तरी रोज सकाळी ती येते. आज आली नाही.

मी ॲप उघडलं. घराचा पत्ता काल संध्याकाळी बदलला आहे. मंगलच्या फोनवरून. खाली तीच ओळ आहे: आज सूर्योदय नाही.

तीनदा फोन केला. वाजतो, पण कुणी उचलत नाही. सुकुमारचं जहाज समुद्रात आहे, त्याला निरोप ठेवला. हेरल्यांच्या सुनेला गॅलरीतून बघायला सांगितलं. ती म्हणाली, दार आतून बंद आहे, हाका मारल्या, ओ नाही, दुधाची पिशवी कडीला तशीच आहे.

पत्ता मी परत जयसिंगपूर केला आणि 'आत्ता सुरू करा' दाबलं. गाडीची किल्ली हातात आहे. ॲपवर दिसतंय, दिवा पूर्ण लागला आहे. चौथा फोन लावला आहे. वाजतो आहे.